फुकटचा ब्राउझर आणि दाराची किल्ली

इंटरनेट कुठे आहे, असे आज कुणालाही विचारा. तो मोबाइलच्या पडद्यावरील लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाच्या गोल चिन्हाकडे बोट दाखवील. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर बोट निळ्या रंगाच्या इंग्रजी 'ई' अक्षराकडे गेले असते. आज गुगलचा क्रोम आहे, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर होता. चिन्ह बदलले, मालक बदलला. परंतु एक गोष्ट बदललेली नाही. यांपैकी कोणतेही चिन्ह सामान्य माणसाने स्वतः निवडलेले नव्हते. यंत्र विकत घेतले तेव्हा ते आधीपासूनच तेथे आणून ठेवलेले होते. हे कुणी ठेवले, कशासाठी ठेवले आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

ब्राउझर म्हणजे इंटरनेट नव्हे. ब्राउझर हे इंटरनेटचे दार आहे. जगभरातील संगणकांवर ठेवलेली पाने मागवून ती आपल्यासमोर वाचण्याजोगी मांडणे, एवढे त्याचे काम. पण जो दाराचा मालक तोच कोण आत येतो, कोण बाहेर जातो याची नोंद ठेवू शकतो. दार किती उघडायचे हेही तोच ठरवतो. म्हणूनच या फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्या तीस वर्षे एकमेकींशी झुंजत आहेत. फुकटच्या वस्तूसाठी कुणी असे झुंजत नसते, एवढे तरी आपण समजून घेतले पाहिजे.

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये युरोपातील सर्न या विज्ञानसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्यावर पेटंट नाही, शुल्क नाही, परवाना नाही. म्हणजे वेबची पायाभरणीच सार्वजनिक मालकीच्या तत्त्वावर झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रात मोझॅक हा ब्राउझर तयार झाला आणि चित्रांसह पाने पाहता येऊ लागली. मोझॅक करणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी १९९४ मध्ये जिम क्लार्क यांच्यासह नेटस्केप कंपनी काढली. वर्षभरात नेटस्केपचा ब्राउझर जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टला धोका दिसला. ब्राउझरच जर सर्व कामे करू लागला, तर विंडोजची गरज कुणाला उरणार? १९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजला असा जोडून टाकला की काढू म्हटले तरी निघू नये.

यावर अमेरिकेच्या सरकारने मे १९९८ मध्ये खटला भरला. संगणक तयार करणाऱ्या कंपन्यांनी एक्स्प्लोररचे चिन्ह काढू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने त्यांचे हात कसे बांधले होते, हे न्यायालयासमोर आले. जून २००० मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने तुकडे करण्याचा आदेश रद्द केला; मात्र मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदेशीर मार्ग वापरले, हा निष्कर्ष कायम ठेवला. प्रकरण तडजोडीत मिटले. तोपर्यंत नेटस्केप बाजारातून संपल्यात जमा होती. न्याय मिळाला, पण ज्याला मिळायचा तोच उरला नव्हता.

आता विजेत्याने काय केले ते पाहा. २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली. सातवी आली ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जगातील दहापैकी नऊ माणसे एकाच कंपनीचा ब्राउझर वापरत होती आणि त्या कंपनीला त्यात सुधारणा करण्याची घाई नव्हती. सुरक्षेची भोके पडत राहिली, व्हायरस शिरत राहिले. प्रतिस्पर्धी उरला नाही की मालक झोपतो. मक्तेदारीचा हा साधा नियम आहे. तो रेशन दुकानदाराला लागू पडतो तसाच अमेरिकन कंपनीलाही लागू पडतो.

हे सारे दूर अमेरिकेत घडले, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. त्या काळात मराठी मजकूर इंटरनेटवर यायला लागला होता. देवनागरीसाठी युनिकोड ही जागतिक प्रमाण पद्धत १९९१ पासून अस्तित्वात होती. परंतु आपल्याकडील छपाईचे काम वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टवर चालत होते आणि अनेक मराठी संकेतस्थळे तेच फॉन्ट वापरत होती. एका कंपनीचा फॉन्ट दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टला ओळखत नसे. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यावा लागू नये म्हणून मायक्रोसॉफ्टची एक पद्धत वापरली गेली. त्यात फॉन्ट पानाबरोबरच येई, पण तो उघडे फक्त एक्स्प्लोररमध्ये. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी 'पद्मा' नावाची जोडणी तयार झाली. ती असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. म्हणजे आपल्याच भाषेतील वर्तमानपत्र वाचण्यासाठी दुभाषा ठेवण्याची पाळी आली होती.

याचे नुकसान तेव्हापुरते नव्हते. त्या पद्धतीने साठवलेले मराठी लिखाण संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. त्यामुळे ते शोधूनही सापडत नसे आणि आज तो फॉन्ट हाताशी नसेल तर ते वाचताही येत नाही. मोठ्या वृत्तपत्रांना जुना मजकूर नव्याने बदलून घेणे परवडते. लहान दैनिके, नियतकालिके आणि संघटनांची पत्रके यांना ते परवडत नाही. ज्यांचा इतिहास आधीच कमी लिहिला जातो त्यांचे लिहिलेलेही असे वाचण्याच्या पलीकडे जाते. बंदिस्त तंत्राची किंमत शेवटी कोण मोजतो, याचे याहून दुसरे उदाहरण हवे काय?

सरकारी कारभारात तर हा रोग अधिक पसरला. 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही पाटी आपल्याकडील कितीतरी सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी वर्षानुवर्षे लटकत होती. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमातून महाराष्ट्रातील लाखो तरुण-तरुणी संगणक शिकले, हे त्याचे मोठे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र संगणक म्हणजे विंडोज आणि इंटरनेट म्हणजे निळा 'ई' अशी समजूतही त्याच काळात घट्ट झाली, हेही खरे आहे.

एका कंपनीच्या दाराशी सरकारने संसार बांधला तर काय होते, हे दक्षिण कोरियाने दाखवून दिले आहे. तेथे १९९९ मध्ये ऑनलाइन व्यवहारांसाठी डिजिटल सहीची व्यवस्था आली. हेतू चांगला होता. पण ती चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्टिव्हएक्स तंत्र वापरले गेले आणि ते फक्त एक्स्प्लोररमध्ये चाले. परिणामी बँक असो, खरेदी असो वा सरकारी काम, संपूर्ण देश एका ब्राउझरला जखडला गेला. जगाने एक्स्प्लोरर सोडला तरी कोरियाला तो सोडता येईना. या प्रमाणपत्रांचे कायदेशीर विशेष स्थान डिसेंबर २०२० मध्ये संपले. चुकीचा निर्णय एकदा झाला, निस्तरायला वीस वर्षे लागली. खुद्द मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोरर निवृत्त केला.

एक्स्प्लोररची सद्दी मोडली ती फायरफॉक्सने. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा मूळ आराखडा खुला केला होता. त्यातून मोझिला उभी राहिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. ना नफा तत्त्वावरील संस्था आणि जगभरचे स्वयंसेवक एका बलाढ्य कंपनीला हलवू शकतात, हे तेव्हा सिद्ध झाले. पण सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम आणला आणि चित्र पुन्हा पालटले. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. क्रोमचे आजचे इंजिन गुगलने शून्यातून बनवलेले नाही. केडीई या खुल्या प्रकल्पातील केएचटीएमएलवरून अ‍ॅपलने वेबकिट केले, २००३ मध्ये त्यावर सफारी आणला आणि वेबकिटवरून २०१३ मध्ये गुगलने ब्लिंक केले. घाम एकाचा आणि मळा दुसऱ्याचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

आज ऑपेरा त्याच इंजिनावर चालतो. मायक्रोसॉफ्टचा एजही जानेवारी २०२० पासून त्याच इंजिनावर आहे. दुकानांच्या पाट्या अनेक, माल एकाच कारखान्याचा! आपल्या केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीचा चमू पहिला आला आणि त्याला एक कोटी रुपयांचे बक्षीस मिळाले. झोहोचे अभिनंदन, परंतु त्यांचा उला ब्राउझरही गुगलच्या क्रोमियम या पायावरच उभा आहे. भिंतीला आपला रंग दिला म्हणून जमीन आपली होत नाही.

उरला फायरफॉक्स. तोही कुणाच्या पैशावर जगतो? आपल्या ब्राउझरमध्ये गुगलचा शोध आधीपासून ठेवल्याबद्दल गुगल मोझिलाला पैसे देते आणि मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तोच आहे. अमेरिकेतील खटल्यात हा सगळा हिशेब बाहेर आला. असे आधीपासूनचे स्थान मिळवण्यासाठी गुगलने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधसेवेत बेकायदेशीर मक्तेदारी राखली, असा निकाल दिला. क्रोम विकायला लावावे, अशी सरकारची मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, पण दुसऱ्यांना दार बंद करणाऱ्या करारांवर बंदी घातली.

भारतातही हेच दिसले. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांवर गुगलची सगळी अ‍ॅप, क्रोमसह, आधीपासून घालण्याची सक्ती केल्याबद्दल आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. ही माहिती आपल्या घराघरांत पोहोचली का? दंड झाला, बातमी आली, फोन तोच राहिला.

काही मित्र आम्हाला म्हणतील, 'क्रोम चांगला चालतो, पैसे पडत नाहीत, मग तुमची तक्रार काय?' आम्ही कबूल करतो की क्रोम चांगला चालतो. पण पैसे पडत नाहीत हे अर्धसत्य आहे. गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे आणि आपण काय वाचतो, काय शोधतो यावर त्या जाहिराती बेतल्या जातात. एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळावर माणसाचा माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकीज क्रोममधून दोन वर्षांत हटवू, असे गुगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. जुलै २०२४ मध्ये तो बेत गुंडाळला. 'इन्कॉग्निटो' या नावाने आपण गुप्त राहतो असे लोकांना वाटत होते. त्यावरून खटला झाला आणि २०२४ मध्ये जमवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे गुगलला मान्य करावे लागले. सवकाराची चोपडी निदान दिसत तरी होती. ही चोपडी आपल्याला दिसतही नाही.

आणि जो महागडा फोन घेऊ शकत नाही त्याचे काय? २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. त्यातील कायओएस ही प्रणाली मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसवरून तयार झाली होती. त्यातील ब्राउझरचे इंजिन जुने, पडदा लहान. नव्या क्रोमसाठी आणि मोठ्या पडद्यासाठी बांधलेला अर्ज अशा फोनवर धड भरता येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात प्रमाणपत्र, परीक्षेचे प्रवेशपत्र, पीक विमा हे सारे आता ब्राउझरच्या दारातून जाते. अर्ज अडकला की विद्यार्थी सायबर कॅफेत जातो, रांग लावतो, पैसे मोजतो. शेवटच्या तारखेला पान उघडले नाही तर त्याचे वर्ष जाते. शासनाच्या दप्तरी मात्र 'अर्ज केला नाही' एवढीच नोंद होते. हक्क कागदावर आहे, पण त्याचे दार एका विशिष्ट किल्लीनेच उघडत असेल, तर त्याला हक्क म्हणायचे कसे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत आणि वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासणी करा, असे त्या सांगतात. त्यांची अंमलबजावणी झाली पाहिजे. कोणताही सरकारी अर्ज क्रोमबरोबर फायरफॉक्सवर आणि स्वस्तातल्या जुन्या फोनवर भरून पाहिल्याशिवाय तो जनतेसाठी खुला करू नये. पान उघडत नसेल तर मुदतवाढ हा अर्जदाराचा अधिकार असावा, साहेबांची मेहेरबानी नव्हे. संगणकाच्या वर्गांत एका कंपनीचे चिन्ह शिकवण्याऐवजी ब्राउझर म्हणजे काय, ते शिकवावे. मराठीतील सर्व सरकारी मजकूर युनिकोडमध्येच असावा.

वाचकांनीही एक काम करावे. आपल्या फोनवर आज दुसरा एखादा ब्राउझर उतरवून घ्या, सेटिंगमध्ये जाऊन आधीपासून काय काय निवडून ठेवले आहे ते पाहा आणि घरातील शिकणाऱ्या मुला-मुलींनाही ते दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे, पैसे लागत नाहीत. एवढ्याने गुगल हलणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण नेटस्केप गेली तेव्हा एक्स्प्लोरर कधी हलेल असे तरी कुणाला वाटले होते?