कोणती कोडोली?

पुण्या-मुंबईकडे गावाचे नाव सांगितले, की वाचनाची गोडी असलेला माणूस हमखास विचारतो, "म्हणजे शंकर पाटलांची कोडोली?"

नाही म्हणावे लागते. शंकर पाटील १९२६ साली जन्मले ते हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळे होणारे गाव ते. आमची कोडोली पन्हाळा तालुक्यातली, वारणानगरच्या शेजारची. जिल्हा एकच, नावही जवळपास एकच. पण मोठेपणा त्यांच्या वाट्याचा. तरीही 'नाही' म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते. त्याला कारण आहे.

शाळेत असताना आमची बोली ही लपवायची वस्तू होती. 'हाय', 'न्हाई' असे तोंडून गेले, की एक गुरुजी तो शब्द पुन्हा मोठ्याने म्हणायला लावीत. वर्ग हसे. हळूहळू मी वर्गात बोलायचेच सोडले. अशा दिवसांत वाचनालयातून 'वळीव' घरी आला. शंकर पाटलांचा पहिला कथासंग्रह. त्यातली माणसे थेट आमच्या सोप्यात बसल्यासारखी बोलत होती, आणि तेही छापील पुस्तकात! मी पुस्तकाचे पहिले पान पुन्हा उघडून पाहिले. हे खरेच पुण्या-मुंबईचे लोकही वाचतात, यावर विश्वास बसेना.

आजीला अक्षरओळख नव्हती. रात्री जेवणे झाली, की मी तिला एकेक गोष्ट वाचून दाखवी. पहिल्याच दिवशी तिने मला अडवले. "बातम्या दिल्यागत काय वाचतोस? बोल की!" मग मी बोलू लागलो. शाळेत बंद झालेले तोंड चुलीपुढे उघडले.

आजीला जे कळले होते, तेच पुढे सगळ्या महाराष्ट्राने अनुभवले. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील गावोगाव कथाकथन करू लागले. एकट्याने वाचायची कथा त्यांनी भरल्या मांडवात आणली. पाटलांची 'धिंड' ऐकताना लोक पोट धरून हसत. हातात कागद नाही, नेपथ्य नाही. नुसता आवाज आणि नेमक्या जागी घेतलेला थांबा.

तीच बोली पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या वगनाट्यातून रंगभूमीवर गेली आणि पडद्यावरही. पाटलांच्या कथेवर अनंत माने यांनी १९६८ मध्ये 'एक गाव बारा भानगडी' काढला. त्यातल्या झेले अण्णाने निळू फुले घराघरांत पोचले. जत्रेच्या तंबूत तो पाहताना आजी म्हणाली, "ह्यो तर आपल्याच आळीतला!" १९७२ च्या 'पिंजरा'चा प्रवास तर उलटा. हाइनरिश मान यांच्या जर्मन कादंबरीवर १९३० साली 'द ब्लू एंजल' निघाला. त्यावर बेतलेल्या शांतारामबापूंच्या या चित्रपटाचे संवाद पाटलांचे. परदेशी प्राध्यापकाचा गावचा मास्तर झाला आणि तो उपरा वाटला नाही, यात त्या संवादांचा वाटा मोठा. ज्या बोलीला आमचा वर्ग हसला, तिच्यात जर्मनीचे दुःखही मावले.

शंकर पाटील १९८५ च्या नांदेड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९९४ मध्ये गेले. मिरासदार २०२१ मध्ये गेले आणि त्या तिघांतले शेवटचे पान गळाले. चित्रपट अजून पाहायला मिळतात. संग्रह मात्र पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या खणात असतात.

गेल्या सुट्टीत नात गावी आली होती. तिला 'वळीव' वाचायला दिला. ती छान वाचत होती. पण छापलेल्या 'न्हाई'चे ती न अडखळता 'नाही' करी. म्हटले, "आहे तसे वाच."

"पण आजोबा, ते चुकीचं आहे ना?"

माझ्या पोटात जुना वर्ग हसला. पुस्तक तिच्या हातून घेतले आणि पुढचे पान मी बोलून दाखवले. ती हसली, पण त्या वर्गासारखी नाही. मग पुस्तक ओढून घेत म्हणाली, "आता मी."