जुनी फोर-व्हील जीप : आधी कागद, मग कमानी

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरवर कापूरहोळ लागते. येथून एक रस्ता पश्चिमेला भोरकडे व पुढे वरंधा घाटाने महाडला उतरतो, दुसरा पूर्वेला नारायणपूरवरून सासवडला जातो. थोडे अलीकडे नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा रस्ता फुटतो. या भागात कापड, भांडी, चपला, बांगड्या असा माल गावोगाव पोचविणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांमध्ये जुन्या जीपगाडीची ओढ अजून टिकून आहे. माझे स्वतःचे कापडाचे दुकान फाट्याजवळ असल्याने दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारतो, "शेठ, जुनी फोर-व्हील मिळतेय, घेऊ का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे, असे वाटले.

आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, या देशात जीप बांधणाऱ्या कंपनीचे पहिले नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. १९४५ साली जे. सी. महिंद्र व के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापारासाठी ही पेढी काढली. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. त्याच सुमारास, १९४७ पासून, अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून येथे गाड्या जोडण्यास सुरुवात झाली होती. पुढे याच वंशातून एमएम ५४० सारख्या डिझेल गाड्या निघाल्या. मारुतीची पेट्रोलवर चालणारी जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. आज जुन्या बाजारात फिरणाऱ्या गाड्या मुख्यतः या दोन घराण्यांच्या असतात.

पहिला प्रश्न गरजेचा. खरे सांगायचे तर, दहापैकी सात जणांना चारही चाकांची ताकद लागत नाही. भोर, वेल्हे, मार्गासनी, विंझर येथपर्यंत डांबरी रस्ता आहे. साधी पिकअप गाडी माल जास्त नेते आणि खर्च कमी करते. फोर-व्हीलची गरज पडते ती भाटघर धरणाच्या पाण्याकडेने भुतोंडे खोऱ्यात, हिर्डोशीच्या वरच्या वाड्यांना, किंवा पासली-केळदकडे भर पावसात जाणाऱ्याला. माझ्या हिशोबाने वर्षात पंधरा-वीस दिवसच माझा पुढचा धुरा कामाला येतो. पण ते दिवस गौरी-गणपतीच्या आधीचे असतात. वाडीवर कोणाकडे लुगडे पोचवायचे कबूल केले आणि चिखलात गाडी अडली, तर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाते. ज्याचा धंदा असा नाही त्याने केवळ हौसेपोटी या वाटेला जाऊ नये. हौस म्हणून घ्यायची असेल तर घ्या, पण ती दुकानाच्या खात्यावर लिहू नका.

आता माझा तजुर्बा सांगतो. २०१६ साली मी १९९३ चे मॉडेल असलेली एमएम ५४० रोख पैसे देऊन घेतली. हप्ते आणि व्याज नको म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळ जण जुन्या गाडीकडे वळतात, तसाच मीही. गाडी दलालामार्फत आली होती. रंग नवा, टायर रुंद, पुढे लोखंडी जाडजूड गार्ड, वर दिव्यांची ओळ. इंजिनही जोरदार. मी रंग पाहिला, आवाज ऐकला आणि सौदा केला. चाळीस वर्षे घरात कापड पाहत वाढलेला माणूस ठाण उलगडल्याशिवाय कधी घेत नाही. गाडी मात्र मी घडी न मोडता घेतली.

दोन वर्षे काही झाले नाही. २०१८ साली नोंदणीचे नूतनीकरण आले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते, हे आपणांस माहीत असेलच. तपासणीला गाडी नेली तेव्हा इंजिनावरचा नंबर आणि नोंदणी पुस्तकातला नंबर जुळेना. या गाडीत मुळात प्यूजो परवान्याचे २११२ सीसीचे एक्सडीपी इंजिन येत असे. माझ्या गाडीत कोणीतरी ते काढून २५२३ सीसीचे डीआय इंजिन बसविले होते. असे बदल सर्रास होत, कारण डीआयचे भाग स्वस्त पडतात व ओढ चांगली मिळते. पण बदलाची नोंद कोठेच नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे बसविलेल्या इंजिनाची पावतीही नव्हती. पावती नाही म्हणजे ते इंजिन कोणत्या गाडीतून आले, ती गाडी चोरीची होती काय, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. दलालाने फोन उचलणे सोडून दिले.

तो एप्रिल महिना होता. लग्नसराई तोंडावर, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. दोन महिने भाड्याचा टेम्पो करून माल नेला. तो टेम्पो जेथपर्यंत चढला तेथपर्यंत नेला, पुढे डोक्यावर. एका वाडीवरची लग्नाची पूर्ण खरेदी त्या वर्षी हातची गेली. विम्याचे काम पाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्या दिवसांत एक गोष्ट सांगितली ती अजून आठवते : "चाचा, घाटात काही झाले असते तर कंपनीने आधी इंजिन नंबर पाहिला असता."

शेवटी रीतसर पावती व मूळ गाडी मोडीत काढल्याचे कागद असलेले त्याच जातीचे एक्सडीपी इंजिन शोधले, उस्तादांकडून ते पूर्ण खोलून बांधून घेतले, अर्ज करून नवा नंबर नोंदवून घेतला. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे त्यात गेले. आपण कापडात एखादा धागा तुटला असेल तर गिऱ्हाईकाला सांगून तो नग 'सेकंड' म्हणून विकतो. गाड्यांच्या बाजारात ऐब सांगण्याची रीत कमीच. म्हणून पाहण्याचे काम घेणाऱ्याने करावे.

तर व्यापारी बंधूंनो, गाडी पाहायला जाताना खिशात कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. चेसिसवरचा नंबर चिंधीने पुसून त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, म्हणजे ठसा उमटतो. अक्षरे वाकडीतिकडी असतील, आजूबाजूचे लोखंड घासलेले किंवा वेल्डिंग केलेले असेल तर चहा पिऊन परत या. इंजिनाचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पुस्तकाशी ताडा. पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याचा कागद मागा. परराज्यातून आलेली गाडी असेल तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर व नवी नोंदणी हा सगळा खर्च किमतीत धरा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची बंदी कायम केल्यावर तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. स्वस्त दिसते ते येथपर्यंत पोचून स्वस्त राहतेच असे नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतराची खबर चौदा दिवसांत द्यावयाची असते, विमाही तेवढ्याच मुदतीत आपल्या नावावर करून घ्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता सुरक्षा नंबर-पाटी सक्तीची झाली आहे. ती मागविताना चेसिस व इंजिन दोन्हींचे नंबर द्यावे लागतात, म्हणजे खोट तेथेही उघडी पडते.

नूतनीकरणाची फी मी २०१८ साली ६०० रुपये भरली होती. एप्रिल २०२२ पासून ती ५००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारगाडीसाठी १०,००० करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी घेणाऱ्याने हा आकडा वहीत आधीच लिहून ठेवावा.

बदलांविषयी कायदा आता पूर्वीसारखा ढिला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुढचे लोखंडी गार्ड तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करण्यास कळविले होते. माझे मी भंगारात किलोने विकले. खासगी नोंदणीच्या जीपमध्ये बाजारच्या दिवशी भाड्याने माणसे बसविण्याची सवयही काहींना आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

मग करावयाचे काय? माझ्या मते मालाच्या गाडीला सर्वांत उपयोगाची सुधारणा म्हणजे चांगला हूड, आणि येथे मी माझ्या धंद्याच्या अधिकाराने बोलतो. बाजारात प्लास्टिकचा थर दिलेले रेक्झिनसारखे कापड स्वस्त मिळते. ते नवे असेपर्यंत पाणी अडवते, पण उन्हात थर तडकतो, आणि आत दमट हवा कोंडून गठ्ठ्यांना वास येतो. जाड सुती कॅनव्हास महाग पडतो, पण त्याचा गुण असा की, भिजला की सूत फुगते व विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. म्हणून नवा हूड पहिल्या पावसाआधी दोन-तीनदा भिजवून वाळवावा. शिलाईचा दोरा साधा पॉलिस्टरचा घेतला तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपते. निव्वळ सुती घेतला तर उन्हापावसात लवकर कुजतो. आत पॉलिस्टर व वर सुताचे वेष्टन असलेला दोरा मिळतो, तोच वापरावा. जोडाची घडी नेहमी खाली तोंड करून, कौलासारखी. आणि ओला हूड कधीही गुंडाळून ठेवू नका. दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. हूड शिवणाऱ्या कारागिराला शंभर रुपये कमी देण्याच्या नादात मी एकदा वीस साड्यांचा गठ्ठा रंग उतरून वाया घालविला आहे. मागची समोरासमोरची बाके मी काढली नाहीत, कारण आसनसंख्या पुस्तकात लिहिलेली असते. मधल्या जागेत लाकडी फळ्यांची जाळी टाकली, म्हणजे गठ्ठे ओल्या पत्र्याला टेकत नाहीत.

टायरच्या बाबतीत तरुण मंडळी ऐकत नाहीत. मोठे टायर घातले की गाडी रुबाबदार दिसते खरी, पण काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो, क्लचवर ताण येतो, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक, जे या गाड्यांत आधीच साधे आहेत, ते आणखी अपुरे पडतात. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर चिखलात पुरेसे चालतात. कमानी बदलताना पाटे वाढवून गाडी उंच करू नका. झिजलेले बुश, शॅकल आणि यू-बोल्ट नवे घाला. पुढची चाके विशिष्ट वेगाला थरथरत असतील तर किंग पिन व टाय रॉड आधी पाहा. घाटात ती थरथर जीवावर बेतते.

गाडी घेताना पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे ना, हे वाकून पाहा. डिझेल वाचविण्यासाठी तो काढून ठेवलेल्या जीप मी पाहिल्या आहेत. फोर-व्हीलची किंमत घेऊन टू-व्हील विकतात. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. धूर निळा तर ऑइल जळते, काळा तर डिझेलची गडबड, आणि ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. चेसिसवर हातोडीने टकटक करा. कोकणात राहिलेल्या गाडीचे लोखंड आतून खाल्लेले असते आणि आवाज बद्द येतो.

लिव्हर वापरण्याचीही पद्धत आहे. या जुन्या गाड्यांत पुढच्या व मागच्या धुऱ्यांच्या मध्ये वेगातला फरक झेलणारी सोय नसते. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळणे घेतली तर सगळ्या शाफ्टांना पीळ बसतो, टायर घासतात आणि लिव्हर परत निघत नाही. माती, चिखल, वाळू असेल तेथेच टाकावी, आणि चिखलात रुतल्यावर नव्हे, चिखलात शिरण्यापूर्वी. लो गिअरचा उपयोग चढापेक्षा उतारावर जास्त आहे : भिजलेल्या उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच गाडी धरून ठेवते. ओढ्यातून पार झाल्यावर हलका ब्रेक लावत थोडे अंतर चालवा, ड्रम वाळतात. त्याच आठवड्यात धुऱ्यांचे ऑइल उघडून पाहा.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईचे कुर्ला ही नेहमीची ठिकाणे. पावती घेतल्याशिवाय इंजिन, गिअरबॉक्स किंवा चेसिसचा भाग घेऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. गाडीच्या किमतीच्या निदान निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवूनच सौदा करा.

काढून टाकलेल्या त्या डीआय इंजिनाचे काय केले, असे बरेच जण विचारतात. पावती नसल्याने ते विकण्याची माझी हिंमत झाली नाही. आधी पोलीस ठाण्यात नंबर देऊन त्याविरुद्ध काही तक्रार नाही याची खातरजमा केली, तसे लेखी घेतले, आणि मग भोर रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला सगळे सांगून पाण्याच्या पंपासाठी दिले. त्याच्या भातखाचराला अजून त्यावरच पाणी चढते.