मुक्कामी गाडीचा हिशेब

आमच्या गावी रात्री एस. टी. मुक्कामाला असते. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत पथारी टाकतात आणि सकाळी सहाला तीच गाडी घेऊन तालुक्याला निघतात. ह्या गाडीमुळेच मी महाविद्यालयाची पायरी चढलो. म्हणून अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी "तोट्यातली फेरी चालू ठेवावी काय?" असा प्रश्न टाकला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्या प्रश्नापायी केलेली ही थोडी चौकशी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. त्याचे कलम २२ सांगते की, महामंडळाने कारभार व्यापारी तत्त्वावर करावा. आणि कलम ३४ राज्य सरकारला महामंडळास निर्देश देण्याचा अधिकार देते. व्यापारही करायचा आणि सरकारचेही ऐकायचे! एस. टी.ची सारी ओढाताण मला ह्या दोन कलमांत दिसते.

"सवलतींनी एस. टी. बुडवली" असे पारावर नेहमी ऐकू येते. मलाही ते पटत असे. परंतु एका संध्याकाळी मी परतीच्या गाडीतली माणसे मोजली. एकूण ११. त्यांत आम्ही पासवाले विद्यार्थी ५, बाया ३, पंच्याहत्तरी ओलांडलेले एक आजोबा आणि पूर्ण तिकिटाचे २. विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत असते. पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. ढोबळ हिशेब केला तर ११ तिकिटांपैकी सुमारे सव्वापाच तिकिटांचे पैसे प्रवाशांच्या खिशातून गेले. उरलेली पावणेसहा बुडाली काय? नाही. सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते. म्हणजे अर्ध्या तिकिटावर बसलेली माझी आई एस. टी.च्या वहीत पूर्ण प्रवासीच आहे, फक्त तिचे अर्धे पैसे मागाहून येतात. (किती मागाहून, हा प्रश्न वेगळा.) उलट बाजूने, तिकिटावरचा १७.५ टक्के प्रवासी कर सरकारजमा होतो. एका हाताने देणे आणि दुसऱ्याने घेणे, असाच हा प्रकार.

मग तोटा कुठे? भरपाई मिळते ती बसलेल्या माणसाची. रिकाम्या बाकाची नव्हे. त्या संध्याकाळी तीसेक आसने रिकामी होती. पण डिझेल आणि पगार, हे दोन मोठे खर्च, काही कमी होत नाहीत. हा खड्डा भरायचा तो गर्दीच्या, लांब पल्ल्याच्या मार्गांच्या कमाईतून. तिथे खाजगी ट्रॅव्हल्सवाले वाटेकरी झाले आहेत. आमच्या फाट्यावरून आत वळायला मात्र त्यांच्यापैकी कोणी तयार नाही. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले; तरी जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दिसला.

मला वाटते, सवलतीची भरपाई जशी हिशेबाने ठरते, तशी सरकारला हव्या असलेल्या खेड्यातल्या फेरीचीही किलोमीटरमागे ठरावी. मग तिला कोणी तोटा म्हणणार नाही; ती सरकारने घेतलेली सेवा ठरेल.

आमच्या वाहककाकांना मी हे ऐकवले. ते हसले. म्हणाले, "अरे, संध्याकाळचं भारमान एकटं बघायचंच नाही. ही गाडी रात्री इथं आली नाही, तर सकाळी सहाला निघणार कुठून?"

आणि सकाळच्या त्या गाडीत फाट्यापुढे उभे राहायलाही जागा नसते.