किल्ल्यावरचा ढग वरियावला

समजा, ऑगस्टातल्या एका दुपारी सुरतच्या चौक बाजारातल्या जुन्या किल्ल्यावर एक गडगडाटी ढग उभा आहे. अगदी बुरुजांच्या डोक्यावर. त्याचा माथा जमिनीपासून पंधरा किलोमीटर उंच. आता इन्सॅट-३डीआर या उपग्रहाने त्याच वेळी टिपलेलं चित्र नकाशावर बसवून पाहा. ढगाचा माथा किल्ल्यावर नसतो. तो तापी ओलांडून जवळजवळ सात किलोमीटर उत्तरेला, वरियावच्या आसपास जाऊन बसलेला असतो.

उपग्रह बिघडलेला नाही आणि नकाशाही बरोबर आहे. इन्सॅट-३डीआर विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर ठाण मांडून आहे. सुरत त्या रेखांशाच्या जवळ असली तरी विषुववृत्तापासून २१ अंश वर. त्यामुळे उपग्रह सुरतेकडे सरळ खाली पाहत नाही, दक्षिणेकडून तिरपा पाहतो. ही नजर उभ्या रेषेपासून सुमारे २५ अंश कललेली असते. ढगाच्या माथ्याला स्पर्शून जाणारी ही तिरपी रेषा तशीच पुढे नेली तर जमिनीला टेकते ती सात किलोमीटर पलीकडे. चित्र नकाशावर बसवणाऱ्या संगणकाला सगळं काही जमिनीवरच आहे असं वाटतं, म्हणून तो ढगाला तिथे नेऊन ठेवतो. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सुरतच्या गच्चीवर उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. आपल्या गच्चीवरून जो पतंग देवळाच्या कळसावर दिसतो, तोच शेजारच्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर दिसतो.

ही सरक उंचीप्रमाणे वाढते. पाच किलोमीटर उंचीचा ढग सव्वादोन किलोमीटर सरकतो, पंधराचा सात. तापीच्या अख्ख्या खोऱ्याचा विचार केला तर सात किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण सुरतच्या लिंबायत भागातून जाणाऱ्या मीठी खाडीसारख्या लहान प्रवाहाचा विचार केला तर पाऊस खाडीच्या पाणलोटात पडतोय की शेजारच्या, हे तेवढ्याने बदलू शकतं. उंची कळली की ढग उचलून परत जागेवर ठेवता येतो. पंचाईत एवढीच, की चित्र सपाट असतं आणि उंची त्यात नसते.

मग ती काढायची कशी? सर्वात जास्त वापरली जाणारी युक्ती अशी, की उंची मोजायचीच नाही, थंडी मोजायची.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते. वस्तू जितकी गार तितके ते किरण कमी. इन्सॅट-३डी आणि ३डीआर यांच्यावरच्या प्रतिमाग्राहकाला तरंगलांबीचे सहा पट्टे आहेत. हे यंत्र अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात, म्हणजे सुरतेहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर घडलं. त्या सहांपैकी दोन पट्टे १० ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास पाहतात. हवेतली वाफ या लांबीच्या किरणांना फारसं अडवत नाही, त्यामुळे ढगाच्या माथ्यावरून निघालेली उष्णता थेट उपग्रहापर्यंत पोचते. दिवस असो की अमावास्येची मध्यरात्र, फरक पडत नाही. दूरदर्शनच्या बातम्यांत आपण वर्षानुवर्षं जे पांढरे पुंजके पाहिले, त्यांतले पुष्कळसे प्रकाशाचे नव्हतेच. ती गारठ्याची चित्रं होती, जास्त पांढरं म्हणजे जास्त थंड.

आणि वर जावं तसं थंड होतं, सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश. सुरतेत जमिनीवर ३० अंश असतील आणि ढगाचा माथा उणे ५० अंश दिसत असेल, तर फरक ८० अंशांचा. भागिले साडेसहा, म्हणजे बारा किलोमीटरच्या थोडं वर. शाळकरी भागाकार! छत्तीस हजार किलोमीटरवरून पाहिलेल्या ढगाची उंची वहीच्या कोपऱ्यात निघते.

अर्थात साडेसहा ही सरासरी झाली, आणि सुरतेची हवा रोज सरासरीने वागत नाही. त्या दिवशी, त्या हवेत, कोणत्या उंचीवर किती तापमान होतं हे कुणीतरी वर जाऊन पाहायला हवं. ते काम अजूनही फुगे करतात. भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या दोन प्रमाणवेळांसाठी जगभरातून हवामानाचे फुगे सुटतात. सुरतेच्या उत्तरेला अहमदाबादहून आणि दक्षिणेला मुंबईहूनही ते जातात. फुग्याखाली लटकणारी छोटी पेटी वाटेतलं तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत वर जाते, शेवटी फुगा फुटतो. या नोंदी आणि संगणकावरची हवामानाची प्रतिरूपं एकत्र करून तापमानाची शिडी तयार होते. उपग्रह सांगतो ढग कितव्या पायरीइतका थंड आहे, आणि ती पायरी जमिनीपासून किती वर आहे हे फुगा सांगतो. अवकाशयुगाच्या या आकड्यामागे रबराचा फुगा उभा आहे, ही गोष्ट मला रॉकेटइतकीच रोमांचक वाटते.

ही शिडी मात्र दोन ठिकाणी दगा देते. एक जागा अगदी वर. उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास जाऊन घटायचं थांबतं, आणि त्याच्या वर पुन्हा वाढू लागतं. जोरकस गडगडाटी ढगाचा माथा कधी कधी ही हद्द फोडून वर उसळतो. तिथे एकाच तापमानाच्या दोन पायऱ्या असतात, एक हद्दीखालची आणि एक हद्दीवरची. ढग कुठल्या पायरीवर आहे हे नुसत्या थंडीवरून सांगता येत नाही.

दुसरा दगा जास्त वेळा होतो आणि जास्त फसवा असतो. आकाशात खूप उंचावर पिसांसारखे, बर्फाच्या स्फटिकांचे विरळ ढग असतात. ते इतके पातळ असतात की खालच्या गरम जमिनीची किंवा खंभातच्या आखाताची उष्णता त्यांतून आरपार वर येते. उपग्रहाला दोन्ही उष्णता मिसळून मिळतात. उणे ५५ अंशांचा ढग आणि २८ अंशांचं पाणी यांचं मिश्रण समजा उणे ५ अंश भरलं, तर हिशेब सांगतो की ढग पाच-सहा किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्यक्षात तो तेरावर असतो! चूक थोडीथोडकी नाही, दुपटीहून मोठी.

यावरचा तोडगा मला या सगळ्या शास्त्रातला सर्वात देखणा भाग वाटतो. इन्सॅटच्या सहा पट्ट्यांपैकी एक साधारण साडेसहा ते सात मायक्रॉनवर पाहतो. या लांबीचे किरण वाफ गिळून टाकते. त्यामुळे त्या पट्ट्यात जमीन दिसतच नाही, हवेच्या वरच्या थरांतली वाफच तेवढी दिसते. आता पातळ ढगाचा एक भाग थोडा दाट आणि एक थोडा विरळ असतो. हा पट्टा आणि आधीचा १० ते १२ मायक्रॉनचा, या दोन्ही पट्ट्यांतली वाचनं आलेखावर एकासमोर एक मांडली की त्यांचे ठिपके साधारण एका सरळ रेषेत पडतात. मग ती रेषा पुढे वाढवायची. ढग पूर्ण दाट असता तर दोन्ही पट्ट्यांत काय दिसलं असतं, ते त्या रेषेच्या टोकाला सापडतं. म्हणजे जो ढग कधी पूर्ण दाट झालाच नाही, त्याचं खरं तापमान त्याच्या विरळपणातूनच काढायचं.

तापमानाच्या भानगडीत न पडता निव्वळ भूमितीने उंची काढता येणार नाही का? येते. जुनी वाट आहे ती. १८८४-८५ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे एकहोल्म आणि हागस्ट्रोम या शास्त्रज्ञांनी दोन ठिकाणांहून एकाच ढगाचे कोन मोजले आणि त्रिकोण सोडवून उंची काढली होती. उपग्रह दोन असतील तर हेच अवकाशातून का नको? भारताकडे तर एका वेळी दोन होते, ७४ अंशांवर इन्सॅट-३डीआर आणि ८२ अंशांवर इन्सॅट-३डी. दोघांत जवळजवळ ५,९०० किलोमीटरचं अंतर.

कागदावर हिशेब करून पाहिला की हिरमोड होतो. सुरतेवरचा आपला तोच पंधरा किलोमीटरचा ढग ८२ अंशांवरच्या उपग्रहाला उत्तरेला तर सरकलेला दिसतोच, शिवाय पश्चिमेलाही दिसतो. दोन उपग्रहांच्या चित्रांतला फरक मात्र जेमतेम पावणेतीन किलोमीटर. अवरक्त चित्रातला एक ठिपकाच चार किलोमीटरचा असतो, म्हणजे सगळा फरक एका ठिपक्यात गडप. दृश्य प्रकाशातला ठिपका एक किलोमीटरचा आहे, पण तिथेही ठिपकाभर चूक झाली की उंची पाच-साडेपाच किलोमीटरने चुकते. वर आणखी एक गोची. हे दोन उपग्रह मुद्दाम आळीपाळीने चित्र काढत, म्हणजे देशाला दर अर्ध्या तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी चित्र मिळावं. वादळावर नजर ठेवायला ही सोय उत्तम. पण सेकंदाला दहा मीटर वेगाने सरकणारा ढग पंधरा मिनिटांत नऊ किलोमीटर जातो. पावणेतीन किलोमीटरचा उंचीचा पुरावा नऊ किलोमीटरच्या प्रवासाखाली गाडला जातो.

नासाच्या टेरा उपग्रहाने ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडवली. डिसेंबर १९९९ मध्ये सुटलेला हा उपग्रह काहीशे किलोमीटरवरून, म्हणजे फार जवळून फिरतो, आणि त्यावरच्या मिसर या उपकरणाला नऊ कॅमेरे आहेत. काही पुढे पाहणारे, एक सरळ खाली, काही मागे. एकाच ढगावरून जाताना सात मिनिटांत नऊ कोनांतून त्याची छबी मिळते. कोन नऊ असल्यामुळे ढगाची उंची आणि त्याचा वेग या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येतात. पण टेरा रोज सुरतेवरून जात नाही. जवळून पाहायचं तर सतत पाहता येत नाही, आणि सतत पाहायचं तर फार लांब उभं राहावं लागतं.

ढगाची सावली मोजूनही उंची निघते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना दहा किलोमीटर उंचीच्या ढगाची सावली सतरा किलोमीटर लांब पडते. फक्त ती सपाट मोकळ्या जमिनीवर पडायला हवी, आणि पावसाळ्यात एका ढगाची सावली बहुधा दुसऱ्या ढगावरच पडते.

सर्वात सच्चा मापक लेझर. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो नावाचा उपग्रह खाली लेझरचे स्पंद सोडत फिरला, सेकंदाला वीस. स्पंद ढगाला लागून परत यायला किती वेळ लागला यावरून उंची, आणि तीही काही दहा मीटरांच्या अचूकतेने. ज्या पातळ ढगांनी बाकी सगळ्यांना चकवलं ते याला स्वच्छ दिसत. पण लेझरचा ठसा जमिनीवर जेमतेम शंभर मीटर रुंदीचा. आकाशात एक दोरा ओढावा तशी नोंद. म्हणून त्याचा मोठा उपयोग परीक्षक म्हणून झाला: इन्सॅटसारख्यांनी काढलेली उंची खरी की खोटी, हे त्या दोऱ्यावर तपासायचं. २०२४ च्या मे महिन्यात सुटलेला अर्थकेअर हा उपग्रह आता लेझर आणि रडार दोन्ही घेऊन हे काम करतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर पहिलं उत्तर वारा. समुद्रावर वारा मोजायला खांब नाहीत, म्हणून लागोपाठच्या चित्रांत ढग किती सरकला ते पाहून वारा काढतात. पण तो वारा दीड किलोमीटरवरचा की बारा किलोमीटरवरचा? अरबी समुद्रावर पावसाळ्यात खाली नैऋत्येचा वारा असतो आणि खूप वर पूर्वेकडचा. उंची चुकली की वाऱ्याची दिशाच उलटी.

दुसरं उत्तर पाऊस, आणि इथे एक मराठी नाव येतं. अमेरिकन शास्त्रज्ञ फिलिप आर्किन यांनी एक सोपा ठोकताळा बसवला होता: उणे ३८ अंशांहून थंड माथ्यांनी जितका भाग झाकला असेल, तितक्या भागात ताशी तीन मिलिमीटर पाऊस धरायचा. १९८६ च्या मोसमी पावसासाठी इन्सॅट-१बीच्या चित्रांवरून असा अंदाज काढणाऱ्या अभ्यासात त्यांच्यासोबत डॉ. रंजन केळकर होते, जे पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. विस्तीर्ण प्रदेशांसाठी आणि लांब काळासाठी हा ठोकताळा आश्चर्यकारक चालतो.

सह्याद्रीत मात्र हा ठोकताळा फसतो. आपल्याला वाटतं, उंच ढग म्हणजे जास्त पाऊस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने साताऱ्याजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर बसवलेल्या रडारने वेगळंच दाखवलं. घाटाच्या पश्चिमेला, जिथे पाऊस धो धो कोसळतो, तिथले ढग ठेंगणे असतात. पर्जन्यछायेत, जिथे पाऊस कमी, तिथे ढग जास्त उंच वाढतात. पश्चिम उतारावरचे अनेक ढग उणे ३८ च्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत आणि तरीही ओढे फोडतात. ठोकताळ्याच्या हिशेबात त्यांचा पाऊस शून्य!

सुरतेला याचा अर्थ फार जवळून लागतो. तापीचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात पाऊस झाला, उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. सुरतच्या लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या, याच वरच्या खोऱ्यातून आलेल्या खानदेशी कुटुंबांसाठी म्हणूनच गावाकडचा ढग हा घराच्या उंबऱ्याचाही प्रश्न असतो. बंगालच्या उपसागरातून मध्य भारतावर येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचे ढग बहुधा उंच आणि थंड असतात. बैतूल, बुऱ्हाणपूर, जळगाववर ते आले की थंडीच्या शिडीवर ठळक दिसतात. डांगच्या जंगलावरचे ठेंगणे ढग त्याच शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर राहतात. त्यांच्यासाठी सापुतारा-आहवा भागातलं साधं पर्जन्यमापक जास्त भरवशाचं.