दुरुस्तीनंतर बंद पडणारी गाडी

व्यापारी कुटुंबात चारचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरच्या आडत बाजारात जाणे असो, अथवा सहकुटुंब पुढे कुंथलगिरी सिद्धक्षेत्राच्या दर्शनास जाणे असो, सारी भिस्त गाडीवर असते. एअर फिल्टर बदलणे, थ्रॉटल बॉडी स्वच्छ करणे, नवी बॅटरी बसविणे ही कामे आपली तरुण मंडळी हल्ली घरीच करतात. ही स्वावलंबनाची वृत्ती स्वागतार्ह आहे. मात्र अशा कामानंतर गाडी चौकात थांबताच बंद पडू लागली, तर घाईने पंप, प्लग, कॉइल असे एकेक भाग बदलत बसणे म्हणजे निष्कारण खर्च होय.

रोजमेळ जुळत नसेल, तर अनुभवी मुनीम संपूर्ण वही उलटीपालटी करीत नाही. तो प्रथम शेवटच्या नोंदी तपासतो. येथेही तोच न्याय लावावा. काल चालणारी गाडी आज बंद पडते, तर मध्यंतरी ज्या भागाला हात लागला तेथेच प्रथम पाहावे. फिल्टरच्या पेटीच्या सर्व क्लिपा बसल्या आहेत काय? काढलेला सेन्सरचा प्लग पुन्हा घट्ट लावला आहे काय? रबरी नळी निसटली वा चिरली तर नाही? ज्या गाड्यांत आत येणाऱ्या हवेचे माप सेन्सर घेतो, त्यांत त्याच्या पुढील फटीतून शिरलेली हवा हिशेबाबाहेर राहते. मिश्रण पातळ होते आणि इंजिन दम तोडते.

बंद पडण्याची तऱ्हाही बोलकी असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चालते आणि सोडला की बंद पडते, तर दोष बहुधा हवेच्या मार्गात किंवा आयडलिंगमध्ये असतो. डॅशबोर्डवरील दिव्यांसह सारेच क्षणात मालवले, तर बॅटरीचे टर्मिनल व अर्थिंगची तार पाहावी. चढावर धक्के देत शक्ती कमी होत असेल, तर इंधनपुरवठ्याची शंका घ्यावी. तापल्यावर बंद पडून निवल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासून घ्यावा; मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा दोष लवकर उघडा पडतो.

पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. बॅटरी काढल्याने गाडीच्या संगणकाने आत्मसात केलेली आयडलिंगची मापे पुसली जातात. तर थ्रॉटलवरील काजळी निघाल्यावर जुनी मापे लागू पडत नाहीत. अशा वेळी पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने ती मापे पुन्हा शिकवावी लागतात. काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. इंजिनचा पिवळा दिवा लागला असल्यास स्कॅनरवरील कोड जरूर वाचून घ्यावा. पी ०१७१ हा कोड मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. पण तो लक्षण दाखवितो, कारण नव्हे. एका बाजूने पाहिलेले सत्य अपूर्ण असते, ही अनेकांताची शिकवण येथेही उपयोगी पडते. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनवर पेट्रोल अथवा ज्वलनशील स्प्रे कदापि मारू नये. आगीचा धोका असतो.

हा प्रश्न केवळ खोळंब्याचा नाही. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले, की स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यानंतर ब्रेकही कठीण लागतो. महामार्गावर मागून मालट्रक येत असतात, कडेने कधी विहार करणारे साधू-साध्वी चालत असतात. म्हणून दोष सापडेपर्यंत ती गाडी लांबच्या प्रवासास नेऊ नये. प्रसंग ओढवलाच, तर ब्रेक पुनःपुन्हा न सोडता एकसारखा जोराने दाबून धरावा, चावी काढू नये, धोक्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी.

गाडीसाठी एक छोटी वही ठेवावी. दिनांक, किलोमीटर, काय काढले, काय बसविले, इतके लिहिले तरी पुरे. ब्रेक, इंधनवाहिनी आणि एअरबॅग यांची कामे मात्र जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावीत. त्याच्यासमोर ही वही ठेवली, तर निम्मे निदान तेथेच होते.