वाहनावरील मालकी केव्हा जाते?

वाहन अडकवून ठेवणे आणि ते सरकारजमा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोलण्यात दोहोंनाही ‘गाडी जप्त झाली’ असेच म्हटले जाते. परंतु पहिल्या प्रकारात पूर्तता केल्यावर वाहन परत मिळते, तर दुसऱ्यात मालकीच संपुष्टात येते. अतिवेगाने वाहन हाकणाऱ्यांसाठी ऑस्ट्रियाने १ मार्च २०२४ पासून हा दुसरा मार्ग अवलंबिला आहे.

तत्पूर्वी नेहमीचे उपाय योजून झाले होते. २०२१ मध्ये दंडाची कमाल मर्यादा ५,००० युरोपर्यंत वाढविण्यात आली. अनुज्ञप्ती काढून घेण्याची मुदतही लांबविण्यात आली. पण धनिकाला दंड जड वाटत नाही आणि अनुज्ञप्ती गेली तरी वाहन दारातच उभे असते.

नव्या तरतुदीनुसार वस्तीत विहित मर्यादेपेक्षा ताशी ६० किलोमीटरहून, तर वस्तीबाहेर ७० किलोमीटरहून अधिक वेग आढळल्यास पोलीस वाहन जागीच ताब्यात घेऊ शकतात. पुढील दोन आठवड्यांत जिल्हा प्रशासनाने चालकाचा पूर्वेतिहास तपासावयाचा असतो. मागील चार वर्षांत गंभीर अपराधाबद्दल त्याची अनुज्ञप्ती काढून घेतलेली असल्यास वाहन सरकारजमा करून त्याचा लिलाव करता येतो. मर्यादा अनुक्रमे ८० व ९० किलोमीटरने ओलांडली असेल, तर पहिल्या अपराधालाही हेच लागू होते. लिलावाच्या उत्पन्नाचा ७० टक्के भाग रस्ता सुरक्षा निधीस मिळतो.

खरा पेच आहे तो वाहन दुसऱ्याचे असताना. मुलाच्या अपराधापायी पित्याची गाडी विकावी काय? ऑस्ट्रियाचे उत्तर नकारार्थी आहे. अशा वेळी लिलाव होत नाही. मात्र त्या चालकाला ते विशिष्ट वाहन चालविण्यास आजन्म मनाई होते व तशी नोंद वाहनाच्या नोंदणीपत्रात केली जाते. डेन्मार्कचा २०२१ चा कायदा अधिक कठोर आहे. तेथे भाड्याने घेतलेले वाहनही साधारणतः सुटत नाही. वाहन कोणाच्या हाती द्यावयाचे हे मालकाने आधीच पाहावे, अशी त्यामागील भूमिका आहे. ती निष्पाप मालकाला जाचक ठरू शकते, हे नाकारता येणार नाही.

आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या प्राधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०७ खाली नोंदणी, अनुज्ञप्ती वा परवाना नसलेले वाहन अडकवून ठेवता येते. कागदपत्रे सादर केल्यावर ते सोडवून घेता येते. मद्यपान करून वाहन चालविण्याचा अपराध पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, परंतु त्यापायी मालकी जात नाही.

मालकापर्यंत पोहोचणारी तरतूद २०१९ च्या सुधारणेने आली, ती कलम १९९-अ. अल्पवयीन मुलाने अपराध केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून भागत नाही. ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. शाळेच्या फाटकाबाहेर दुचाकी उभी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांस शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी आणखी एक बाब अवश्य सांगावी : अशा मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही.