वाडीचं दक्षिणद्वार आणि कंबोडियातली हजार लिंगं

पावसाळ्यात कृष्णा चढली की शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीकडे पाय वळतात. पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं आणि त्या पाण्यात स्नानासाठी झुंबड उडते. हाच दक्षिणद्वार सोहळा.

देवाला स्पर्शून वाहणाऱ्या पाण्याची अशीच श्रद्धा कंबोडियातही दिसते. मे महिन्याच्या सुट्टीत कंबोडियाचा बेत आखणाऱ्या इथल्या कुटुंबांनी म्हणूनच तिथलं क्बाल स्पियन हे नदीतलं ठिकाण चुकवू नये. जंगलातून सुमारे दीड किलोमीटर चढलं की नदीच्या खडकाळ तळात शिवलिंगांच्या रांगाच्या रांगा दिसतात, सोबत शेषशायी विष्णूही. 11व्या शतकातलं हे काम! लिंगांवरून वाहून पाणी पवित्र व्हावं आणि मग खाली अंगकोरकडे जावं, ही त्यामागची श्रद्धा. वाडीच्या माणसाला ती कुणी समजावून सांगायची गरजच नाही.

अंगकोर वाट आणि आपल्या खिद्रापूरचं कोपेश्वर, दोन्ही 12व्या शतकातली. खिद्रापूरच्या एकाच गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू. तिकडे दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी उभारलेलं मंदिर पुढे बौद्धांचं झालं. तरी पश्चिम दाराशी आठ हातांचा विष्णू उभा आहे, स्थानिक लोक त्याला ‘ता रीच’ म्हणतात. त्याच्यापुढे बौद्ध भाविक आजही उदबत्ती लावतात. मुलांना हे मुद्दाम दाखवावं.

अंगकोर वाटला जाताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घ्या. मंदिराच्या सर्वात वरच्या ‘बाकान’ भागात 12 वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत आणि बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो बंद असतो.